हळू म्हणजे नक्की काय?

माझ्याकडे पियानो शिकायला येणारी मुलं पहिल्या काही महिन्यांत एक चूक हमखास करतात. छापील स्वरांच्या ओळीखाली तिरपा, जाडसर 'पी' (p) येतो. मी म्हणते, "इथे हळू वाजव." मूल आवाज कमी करतं आणि त्याबरोबर लयही सोडून देतं. दोन ओळींनंतर 'एफ' येतो. "आता जोरात," म्हटलं की आवाज वाढतो आणि गाणं धावत सुटतं.

बरीच वर्षं मी हा बोटांच्या सवयीचा प्रश्न समजत होते. मग एका दुपारी आठ वर्षांच्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "ताई, हळू म्हणजे आवाज हळू की स्पीड हळू?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मराठीत "हळू बोल" म्हणजे आवाज कमी कर आणि "हळू चाल" म्हणजे वेग कमी कर. "जोरात ओरडला" हेही बरोबर, "जोरात पळाला" हेही बरोबर. आवाज आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आपण रोज एकाच शब्दानं सांगतो, आणि रोजच्या बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही. पण युरोपीय संगीताच्या लिखित पानावर या दोन गोष्टींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. 'पी' आवाजाबद्दल बोलतो, लयीबद्दल एक अक्षरही नाही. लय मंद करायची असेल तर त्यासाठी दुसरा शब्द छापलेला असतो.

त्या दिवसापासून वर्गात मी "हळू" म्हणणं बंद केलं. "आवाज लहान" किंवा "लय संथ", असं फोडून सांगते.

पानावरच्या या चिन्हांना इंग्रजी माध्यमातली मुलं 'एक्स्प्रेशन मार्क्स' म्हणतात. परीक्षेसाठी ती तक्त्यासारखी पाठ करतात: अमक्याचा अर्थ तमका. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेत उत्तर बरोबर येतं, वाजवण्यात फरक पडत नाही. कारण ही चिन्हं शब्दार्थापेक्षा आजूबाजूच्या संदर्भानं कळतात, आणि ते कसं हे कुणी सांगत नाही. तेच इथे सांगायचा प्रयत्न करते.

आधी एक प्रयोग करू. पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी सहाला सा धरा आणि हे स्वर वाजवा: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. ओळखीचं वाटलं ना? बेटहोवननं 1810 साली लिहिलेली, 'फ्यूर एलिझ' नावानं जगभर माहीत असलेली ती छोटी रचना. ती छापली गेली 1867 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनी. मोबाइलच्या रिंगटोनमुळे आज ती न ऐकलेला माणूस सापडणं कठीण.

आपण हे स्वर सरगममध्ये लिहिले आणि चाल ओळखू आली. म्हणजे रचनेचा सांगाडा हाताला लागला. युरोपीय संगीताच्या पाच रेघांच्या लिपीतही नेमकेपणानं लिहिता येतं ते एवढंच: कुठला स्वर आणि किती काळ. पण त्या पानावर सुरुवातीलाच आणखी दोन गोष्टी आहेत. वर लिहिलंय 'पोको मोतो', म्हणजे थोडीशी गती. आणि स्वरांखाली आहेत दोन पी: 'पीपी', अतिशय लहान आवाज.

आता आठवून बघा, आपण ही चाल कशी ऐकलेली असते. खणखणीत आणि पळवलेली. प आणि तीव्र म यांच्यातलं ते पाच स्वरांचं पुढेमागे होणं म्हणजे बोटं गरम करण्याचा व्यायाम वाटतो. तेच आता कागदावर लिहिल्याप्रमाणे करा: आवाज अगदी लहान, लय सावकाश पण अडकू न देता. दोन शेजारच्या स्वरांमधली ती ये-जा एकदम वेगळी वाटायला लागते. कुणीतरी दाराशी येऊन आत जावं की न जावं असं घुटमळतंय, आणि मग 'रे'वर उतरून 'सा'पर्यंत आत येतंय. स्वर तेच, क्रम तोच. बदल त्या दोन पींनी आणि दोन इटालियन शब्दांनी केला.

आता आवाजाच्या चिन्हांकडे येऊ. 'पी' म्हणजे पियानो, इटालियनमध्ये लहान किंवा नाजूक. 'एफ' म्हणजे फोर्ते, जोमदार, ताकदीचा. मध्ये 'एमपी' आणि 'एमएफ'. त्यातला एम म्हणजे मेत्सो, मध्यम. अक्षर दुप्पट केलं की गुण वाढतो: पीपी, एफएफ. तक्ता इथे संपतो.

1597 साली व्हेनिसमध्ये जोव्हान्नी गाब्रिएलीची एक रचना छापली गेली, तिच्या नावातच 'पियान ए फोर्ते' आहे. आवाजाचं लहान-मोठेपण कागदावर लिहून ठेवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ही एक. त्यात वाद्यांचे दोन गट आहेत. एकच गट वाजवतो तिथे 'पियान', दोन्ही मिळून वाजवतात तिथे 'फोर्ते'. म्हणजे तेव्हा ही चिन्हं जवळजवळ दिव्याच्या बटणासारखी होती. हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या पट्टीवाद्यावरही तसंच चाले. त्या वाद्यात पट्टी दाबली की तार छेडली जाते. जोर लावा किंवा अलगद दाबा, आवाज जवळपास तेवढाच. जर्मन रचनाकार बाखनं 1735 साली प्रसिद्ध केलेल्या 'इटालियन कॉन्चेर्तो'त फोर्ते आणि पियानो लिहिलंय, ते पट्ट्यांच्या दोन मजल्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी. वरच्या मजल्यावर हात नेला की आवाज बदलला.

पुढे फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं तारेवर छोटा हातोडा आपटणारं वाद्य बनवलं. 1700 सालच्या, तिथल्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या वाद्यांच्या यादीत त्याची नोंद 'लहान आणि मोठा आवाज काढणारं' अशी आहे. लोकांनी ते लांबलचक वर्णन कापत कापत 'पियानो'वर आणून ठेवलं. आपण त्या वाद्याला आज नुसतं 'लहान आवाज' म्हणतो.

पेटी वाजवणाऱ्याला यातला एक मुद्दा चटकन कळेल. पेटीवर आवाज लहान-मोठा होतो तो भात्यानं, त्यामुळे त्या क्षणी दाबलेले सगळे स्वर एकदम लहान किंवा मोठे होतात. पियानोवर प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा ठेवता येतो. म्हणून पानावर एकच 'पी' असला तरी दहा बोटांना तो सारखा लागू होत नाही. चाल ज्या बोटात आहे ते थोडं वर, साथीची बोटं खाली, तळाचा स्वर त्या दोघांच्या मध्ये. 'पी' हा सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम आहे. पेटीकडून आलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट हाती लागायला कधी कधी वर्ष जातं. पण एकदा लागली की त्याचं वाजवणं खुलतं.

मग 'पी' म्हणजे नेमका किती आवाज? असं मोजमाप नाही. पी हा एफच्या तुलनेत पी असतो. लहान खोलीतला पी आणि हजार खुर्च्यांच्या सभागृहातला पी सारखे कसे असतील? नाटक बघणाऱ्यांना हे माहीत आहे: रंगमंचावर एखादं पात्र दुसऱ्याच्या कानात कुजबुजतं आणि ती कुजबुज शेवटच्या रांगेत ऐकू येते. ती खरोखर लहान नसते. ती लहान असल्याचं नटाच्या श्वासातून आणि शब्द टाकण्याच्या पद्धतीतून कळतं. चांगल्या व्हायोलिनवादकाचा पी असाच असतो.

रशियन रचनाकार चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, तर एकापुढे एक सहा पी आहेत. ही सिंफनी 1893 च्या ऑक्टोबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याच्याच दिग्दर्शनाखाली पहिल्यांदा वाजली. त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला. पहिल्या भागात एक हळवी चाल विरत विरत क्लॅरिनेटकडे जाते आणि तिचे शेवटचे चार स्वर बसून या वाद्याला दिलेत, सहा पी लावून. बसून हे जाड, लाकडी आवाजाचं वाद्य. त्या खालच्या स्वरांवर त्याला इतकं लहान होणं महाकठीण, म्हणून वाद्यवृंदाचे अनेक दिग्दर्शक ते चार स्वर बास क्लॅरिनेटला देतात. चायकोव्हस्कीला सहा पी कशाला हवे होते हे पुढच्याच क्षणी कळतं. सगळा वाद्यवृंद एकदम अंगावर कोसळतो. ते सहा पी आवाजाचं माप म्हणून लिहिलेले नाहीत. ऐकणाऱ्यानं पुढे वाकून, श्वास रोखून ऐकावं अशी ती तयारी आहे, म्हणजे पुढचा घाव बसेल.

आवाज हळूहळू वाढवायचा असेल तर 'क्रेशेंदो' लिहितात किंवा आडवी पडलेली, एका टोकाला मिटलेली आणि दुसरीकडे उघडत गेलेली दोन रेघांची खूण काढतात. वादक तिला हेअरपिन म्हणतात. उलटी काढली की आवाज कमी करत न्यायचा, 'दिमिनुएंदो'.

इथली चूकही ठरलेली. 'क्रेशेंदो' शब्द दिसला की विद्यार्थी त्याच स्वरावर आवाज चढवतो. पण क्रेशेंदो म्हणजे वाढत जाणारा. शब्द जिथे सुरू होतो तिथे तुम्ही अजून लहानच आहात. हान्स फॉन ब्यूलो या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन दिग्दर्शकाच्या नावावर एक वाक्य सांगतात: क्रेशेंदो म्हणजे पियानो, दिमिनुएंदो म्हणजे फोर्ते. वाढायला जागा हवी असेल तर सुरुवात खालून करा, एवढंच त्याला म्हणायचंय. मी मुलांना जिना चढायला लावते आणि विचारते, "जिना सुरू झाला तेव्हा तू कुठे होतीस?" "खाली."

दुसरी चूक आपल्या कानातून आलेली आहे. दिंडीतलं भजन ऐका. टाळ-मृदंगाचा आवाज चढतो तशी लयही चढत जाते, आणि ते तसंच चढायला हवं, त्यातच त्याची मजा आहे. सतारवादनातला शेवटचा जलद भाग, 'झाला', तोही तसाच. आपला कान या दोन गोष्टी एकत्र वाढताना ऐकत मोठा झालाय. त्यामुळे हेअरपिन उघडायला लागली की पायाचा ठेका आपोआप पळतो. युरोपीय पानावर मात्र लय वाढवायची असेल तर 'आच्चेलेरांदो' असं वेगळं लिहितात. ते नसेल तर आवाज वाढतोय आणि लय जागची हलत नाहीये, या दोन्हींची ओढाताणच रचनाकाराला हवी असते.

हेअरपिनची एक गंमतशीर अडचणही आहे. एका स्वरावर ठसा द्यायची खूण, म्हणजे 'अॅक्सेंट', दिसायला छोट्या मिटत्या हेअरपिनसारखीच असते. शूबर्ट हातानं लिहिताना ती खूण लांब ओढायचा. त्याच्या मोठ्या सी मेजर सिंफनीच्या अगदी शेवटच्या स्वरावर अशी एक खूण आहे. ती हेअरपिन मानली तर एवढी भव्य सिंफनी शेवटच्या स्वरावर विरून जाते. अॅक्सेंट मानला तर ती ठणकावून संपते. दोन्ही तऱ्हेनं ती वाजवली गेलीय. पेनाची रेघ काही मिलिमीटर लांब की आखूड, यावर तासाभराच्या रचनेचा निरोप ठरतो.

आता लयीचे शब्द. ते बहुतेक इटालियन आहेत, कारण सतराव्या-अठराव्या शतकात युरोपभर इटालियन वादक आणि गायकांचा दबदबा होता. लार्गो, आदाज्यो, आंदान्ते, अलेग्रो, प्रेस्तो असा चढता क्रम मुलं पाठ करतात, आणि मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देऊन लय दाखवणाऱ्या यंत्रावर, त्यांच्यासमोर आकडेही छापलेले असतात. पण मूळ शब्दांत आकडा नाही. लार्गो म्हणजे रुंद, ऐसपैस. आदाज्यो म्हणजे आरामात. आंदान्ते हा चालणे या क्रियापदावरून आलाय, म्हणून आंदान्ते फार संथ झालं की मी म्हणते, "चालतोयस ना? मग उभा का राहिलास?" अलेग्रोचा अर्थ तर जलद असा नाहीच, तो आनंदी असा आहे.

बेटहोवनला याचाच त्रास व्हायचा. 1817 सालच्या एका पत्रात त्यानं लिहिलं की अलेग्रो म्हणजे कायमचं आनंदी, आणि रचना तर कितीदा त्याच्या अगदी उलट बोलत असते. तेव्हा मेल्त्सेलचा मेट्रोनोम नुकताच आला होता, त्याचं पेटंट 1815 चं. बेटहोवननं उत्साहानं तोवरच्या आपल्या आठही सिंफनींना आकडे दिले. पियानोच्या सोनाटांपैकी (सोनाटा म्हणजे बहुधा काही भागांची वाद्यरचना) एकाच सोनाटाला त्यानं आकडे दिले, 'हामरक्लाव्हियर'ला. त्याच्या पहिल्या भागाचा आकडा आहे मिनिटाला 138 अर्ध्या नोट, आणि तो इतका वेगवान आहे की आजही बरेच पियानोवादक त्याच्यापर्यंत जात नाहीत किंवा जाऊ इच्छित नाहीत. आकडा आला म्हणून वाद मिटला असं झालं नाही.

मला या बाबतीत शूमान फार आवडतो. त्यानं बऱ्याच ठिकाणी इटालियन सोडून आपल्या जर्मनमध्ये लिहिलं. त्याच्या जी मायनर सोनाटाच्या सुरुवातीला सूचना आहे: 'शक्य तितकं जलद'. शेवटाकडे येताना लिहिलंय: 'आणखी जलद'. आणि त्यानंतर: 'त्याहूनही जलद'. पहिल्यांदा वाचणारा गोंधळतो. शक्य तितकं झाल्यावर आणखी कुठून आणायचं? पण वाजवायला बसलं की कळतं. त्याला घड्याळातला वेग सांगायचा नाहीये. आता याच्यापुढे जाता येणार नाही असं वाटावं, आणि तरी जावं लागावं, ती धाप त्याला हवीय. सुरुवात थोडी राखून केली तरच ती जमते.

लय हळूहळू मंद करायला 'रितार्दांदो', आणि तिथल्या तिथे आवरून धरायला 'रितेनुतो'. दोन्हींचं लघुरूप 'रिट.' असं छापलेलं सापडतं, तेव्हा कुठलं ते पुढची ओळ वाचून ठरवावं लागतं. 'आ तेम्पो' म्हणजे परत मूळ लयीवर. आणि मग 'रुबातो', म्हणजे चोरलेला. एका स्वराचा थोडा काळ चोरून दुसऱ्याला द्यायचा. शोपँच्या विद्यार्थ्यांनी सांगून ठेवलंय की तो डावा हात लयीला बांधून ठेवायला लावायचा आणि उजव्या हाताला मोकळीक द्यायचा. हे मराठी श्रोत्याला वेगळं समजवावं लागत नाही. तबलजी ठेका धरून असतो, गायक त्याच्या मागेपुढे रेंगाळतो, शब्द ओढतो, आणि समेवर बरोबर येऊन मिळतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी घरात ख्याल किंवा ठुमरी ऐकलीय त्यांना रुबातो शिकवायला दहा मिनिटं लागतात. बाकीच्यांचे दोन्ही हात एकदम डळमळतात.

या ओळखीचा तोटाही होतो, आणि तो ठिपके आणि कमानींपाशी दिसतो. भातखंड्यांच्या स्वरलिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं. गांधर्वच्या परीक्षांना बसलेल्यांना या दोन्ही पद्धती माहीत असतात. पाच रेघांच्या पानावर टिंबाचा सप्तकाशी संबंध नाही, कारण सप्तक रेघच सांगते. तिथे स्वराच्या वर किंवा खाली टिंब म्हणजे 'स्टकाटो': स्वर आखूड घ्या आणि उरलेला वेळ रिकामा ठेवा. मात्रा तेवढीच राहते, फक्त तिचा मागचा भाग शांत होतो. तेच टिंब स्वराच्या उजवीकडे आलं तर उलटं होतं, स्वराची लांबी दीडपट होते. एकच ठिपका डोक्यावर कमी करतो, शेजारी वाढवतो. पहिल्या आठवड्यात यावर डोळे तयार करून घेतले नाहीत तर पुढे फार दुरुस्त्या कराव्या लागतात.

कमानीचा घोळ त्याहून मोठा. भातखंडे पद्धतीत दोन स्वरांवरची कमान म्हणजे मींड: सा वरून प ला जाताना मधल्या सगळ्या श्रुतींना स्पर्श करत, आवाज न तोडता सरकायचं. पाच रेघांवरची कमान म्हणजे 'लेगातो', स्वर एकमेकांना जोडा. पण सरकू नका. प्रत्येक स्वर आपल्या जागी स्वच्छ, फक्त मध्ये फट नको. व्हायोलिनला ती कमान सांगते की एवढे स्वर गजाच्या एकाच ओढीत घ्या. बासरीला सांगते की मध्ये जीभ लावू नका. पियानोला ती स्वर जोडायला सांगते, आणि कमान संपते तिथे बहुतेक वेळा हात किंचित उचलायलाही सांगते, बोलताना स्वल्पविराम घेतो तसा. शास्त्रीय व्हायोलिन शिकून आलेला एक तरुण माझ्याबरोबर काही दिवस वाजवत होता. कमान दिसली की त्याचं बोट तारेवरून घरंगळायचं, आणि ते इतकं सुंदर असायचं की थांबवावंसं वाटत नसे. पण मोत्सार्टच्या रचनांत ते चालत नाही. आणि कमानीची दोन्ही टोकं एकाच स्वरावर असतील तर तो तिसराच अर्थ: दोन नोटांचा मिळून एक लांब स्वर, दुसरी नोट पुन्हा वाजवायची नाही.

वाद्य बदललं की चिन्हाचा अर्थ कसा बदलतो, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण बेटहोवनच्या 'मूनलाइट' सोनाटाचं आहे. हे नाव त्याचं नाही, नंतर चिकटलेलं. 1801 सालच्या या रचनेच्या पहिल्या भागावर त्यानं एक पूर्ण इटालियन वाक्य लिहिलंय: हा सगळा तुकडा अत्यंत नाजूकपणे आणि 'सेन्त्सा सोर्दिनो', म्हणजे सोर्दिनोशिवाय, वाजवावा. व्हायोलिनमध्ये सोर्दिनो म्हणजे घोडीवर चढवायचा आवाज दाबणारा तुकडा. इथे अर्थ आहे डॅम्पर, तारांवर टेकून आवाज थांबवणारे गाद्यांचे ठोकळे. ते नसावेत, म्हणजे आजच्या भाषेत उजवा पेडल दाबून ठेवा. संपूर्ण भागभर!

आजच्या मोठ्या पियानोवर हे शब्दशः करून बघा. स्वरसमूह बदलायला लागले की जुने स्वर नव्यांत मिसळून चिखल होतो. बेटहोवनच्या काळच्या पियानोचा आवाज लहान होता आणि लवकर विरायचा, त्यामुळे मागच्या स्वरांची नुसती सावली उरायची. त्याला ती सावली हवी होती. मग आज काय करायचं? बहुतेक वादक स्वरसमूह बदलला की पेडल बदलतात, पण पूर्ण उचलत नाहीत. पाव-अर्धा उचलून मागचा आवाज थोडा राहू देतात. हे चिन्हाला सोडून वाटेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात बेटहोवननं मागितलेली सावली त्यातूनच उतरते.

त्याच्याच 'पाथेतिक' सोनाटाचा पहिला स्वरसमूह घ्या. त्याखाली आहे 'एफपी': मोठा, आणि लगेच लहान. व्हायोलिन किंवा माणसाचा गळा हे सहज करील. पियानोवर पट्टी एकदा दाबली की आवाजावर तुमची सत्ता संपली, तो आपोआप विरतो तेवढाच. मग याचा अर्थ काय? मी विद्यार्थ्यांना तो समूह वाजवून थांबायला सांगते, पुढचं वाजवायचं नाही. फक्त ऐका, तो आघात किती खाली उतरतो ते. पुढचा स्वर तुमच्या मनातल्या आवाजाला जोडू नका, त्या विरलेल्या आवाजाला जोडा. एफपी तिथे बोटांना कमी आणि कानांना जास्त सांगत असतो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. पानावर छापलेलं प्रत्येक चिन्ह रचनाकाराचं नसतं. बाखनं पट्टीवाद्यांच्या रचनांत आवाजाची चिन्हं फारच क्वचित लिहिली. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी आपल्या चवीनं त्यात पी, एफ, हेअरपिन, कमानी घातल्या, आणि त्याच आवृत्त्या आजही फोटोकॉपी होऊन फिरतात. पुस्तकावर 'उर्टेक्स्ट' असं लिहिलेलं असेल तर संपादकानं हस्तलिखितं आणि जुन्या छापील प्रती पडताळून मूळ मजकूर देण्याचा प्रयत्न केलेला असतो. जर्मनीतली हेन्ले ही प्रकाशनसंस्था 1948 पासून हेच काम करते. ही पुस्तकं महाग असतात, पण बाखचं एक तरी घ्यावं. कोरं पान बघून मुलं आधी घाबरतात, मग विचार करायला लागतात.

ही लिपी आपल्याकडे परकी आहे असंही नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना व्हायोलिन आणि पाच रेघांचं वाचन शिकवलं गेलं. तिथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, यांनी संगीतकारानं गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून व्हायोलिनच्या रांगांपुढे ठेवली. चालीत मींड, कागदावर कमान. वीस गज एकाच दिशेनं जायचे तर गजाच्या खुणा लिहायलाच हव्यात, आणि स्वर किती सरकवायचा ते मात्र गाणाऱ्याकडे कान लावूनच ठरणार. ती जुनी गाणी ऐकताना आता माझं लक्ष मुखड्यापेक्षा मागच्या व्हायोलिनकडे जातं. सगळे एकत्र लहान होतात तिथे कुणाच्या तरी पानावर एक हेअरपिन आहे.

वादक स्वतःच्या खुणाही करतात. वाद्यवृंदात प्रत्येक स्टँडवर पेन्सिल असते आणि अवघड जागेवर चष्म्याचं छोटं चित्र काढलेलं दिसतं: इथे डोळे उघडे ठेव, दिग्दर्शकाकडे बघ. रचनाकारांनाही कधी कधी अक्षरं पुरत नाहीत. देब्यूसीच्या 1910 सालच्या, बर्फातल्या पावलांवरच्या 'प्रेल्यूड' या छोट्या पियानोरचनेत सुरुवातीच्या दोन-तीन स्वरांच्या ठेक्यासाठी लिहिलंय की या लयीचा नाद उदास, गोठलेल्या निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीसारखा असावा. किती पी, हा प्रश्नच मग उरत नाही.

"आवाज हळू की स्पीड हळू" विचारणारी ती मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि 'फ्यूर एलिझ' वाजवते. मी तिला सांगितलं होतं की पीपीच्या शेजारी तुझ्या भाषेत काहीतरी लिही, जे वाचून तुझा हात आपोआप हलका होईल. पुढच्या आठवड्यात पान बघितलं. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आजी झोपली आहे.' तिनं वाजवायला सुरुवात केली. आवाज अगदी लहान होता, आणि लय जराही ढळली नाही.